गोठ्याच्या गटारात पऱ्हाटीचा कोळसा : पाण्यातली अँटिबायोटिक्स खरंच निघतात का?

पऱ्हाटीवाला · रविवार, सकाळी ८:१०

मंडळी, बरीच वर्षं नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. लांबला तर सांभाळून घ्या.

मी यवतमाळकडचा. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. घरी आठ एकर कोरडवाहू आणि गोठ्यात पाच गाई. मागच्या पावसाळ्यात एका गाईला कासदाह झाला. सलग पाच दिवस इंजेक्शनं, वर सडात ट्यूबा. हे दूध डेअरीला घालायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून रोज गटारात ओतत होतो. चौथ्या दिवशी बादली पालथी करताना सहज नजर गेली, की हे गटार जातं कुठं? तर शेणखड्ड्याला वळसा घालून नाल्यात, आणि नाला आमच्याच विहिरीच्या अंगावरून. वर्गात मी पर्यावरणाचं रसायनशास्त्र शिकवतो. स्वतःचीच लाज वाटली.

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. जनावराला किंवा माणसाला दिलेलं प्रतिजैविक सगळं अंगात जिरत नाही. टेट्रासायक्लिनच्या घराण्यातल्या औषधांचा तर मोठा हिस्सा शेणा-मुतातून जसाच्या तसा बाहेर पडतो. नदी-विहिरीत तो इतका पातळ होतो की पाणी पिऊन कुणाला लगेच काही होत नाही. भीती जंतूंची आहे. मरणार नाहीत इतपत औषध रोज चाखायला मिळालं की ते निर्ढावतात. पेनिसिलिनवाल्या फ्लेमिंगनं १९४५ साली नोबेलच्या भाषणात हाच इशारा देऊन ठेवला होता.

आता दुसरी बाजू. आमच्या बांधावर पऱ्हाट्यांचे, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचे, ढीग. फरदड (हंगाम संपल्यावर त्याच झाडांवर पुन्हा कापूस) घेऊ नका, पऱ्हाट्या उपटून विल्हेवाट लावा, नाहीतर गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामात परत येते, असं कृषी खातं दरवर्षी सांगतं आणि आम्ही दरवर्षी काडी लावून मोकळे होतो. यंदा म्हटलं, राख करण्यापेक्षा कोळसा करू. बायोचार, बायोचार म्हणतात तो हाच. कमी हवेत भाजलेला काडीकचरा.

खड्डा कमरेइतका खोल, वर रुंद, खाली निमुळता. तळाशी जाळ करायचा, वर पऱ्हाट्यांचा पातळ थर. काड्यांवर राखेची पांढरी झाक धरली की पुढचा थर. वरचा जाळ हवा खाऊन टाकतो, त्यामुळे खालचा निखारा धगधगतो पण जळून जात नाही. शेवटी पाणी मारून विझवायचं. २०१४ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये याच तत्त्वावर ‘कोन-टिकी’ नावाची पत्र्याची शंकूसारखी भट्टी निघाली. आमच्याकडे पत्रा नाही, खड्डा आहे. शंभर किलो वाळक्या काडीतून पाव हिस्सा कोळसा हाती लागतो. चांगला भाजला असेल तर काचेसारखा खणखणतो आणि हाताला लागलेला काळा नुसत्या पाण्यानं जातो. हात तेलकट झाला, धुराचा वास राहिला, तर समजा आत डांबर आहे. तो कोळसा पाण्यात टाकायच्या लायकीचा नाही, कारण त्यातून घातक घटक पाण्यात उतरू शकतात.

मग प्रयोगशाळा. टेट्रासायक्लिनचं पिवळसर द्रावण केलं, त्यात कुटलेला कोळसा टाकला, रात्रभर हलवत ठेवलं. सकाळी ३५७ नॅनोमीटरला प्रकाशाचं शोषण मोजलं (त्यावरून द्रावणात औषध किती ते कळतं) तर औषध जवळजवळ गायब! पोरं खूश, मीही खूश. पण एका विद्यार्थिनीनं विचारलं, “सर, कोळसा न टाकलेला फ्लास्क कुठाय?” तो खिडकीत पडला होता. मोजला तर त्यातलंही बरंच औषध गेलेलं. टेट्रासायक्लिन उजेडात मोडतं. उन्हानं केलेल्या कामाचे पैसे आम्ही कोळशाच्या खात्यावर जमा करत होतो.

मग फ्लास्कला चांदीचा कागद गुंडाळला. पुढचा घोळ गाळणकागदाचा. थोडं औषध तोच धरून ठेवतो, तेही वजा करावं लागलं. त्यापुढचा घोळ राखेचा. न धुतलेला कोळसा पाणी अल्कधर्मी करतो आणि तसं झालं की टेट्रासायक्लिनच्या शोषणाच्या आलेखाचं शिखरच सरकतं. म्हणजे औषध आहे तिथंच, आपण मात्र चुकीच्या खिडकीतून बघतोय. शेवटी कोळसा धुऊन धुऊन पाणी उदासीन येईपर्यंत आमचा दिवाळीचा मुहूर्त टळला.

एवढं सगळं निस्तरल्यावरही टेट्रासायक्लिन कोळशाला छान चिकटतं, हे खरं निघालं. पण त्याच कोळशानं सल्फामेथॉक्साझोलला (कोट्रायमॉक्साझोलच्या गोळीतलं सल्फा) फारसं विचारलंसुद्धा नाही.

प्रश्न दोन. गोठ्याच्या गटारावर कुणी असं काही प्रत्यक्ष केलंय का? आणि औषध पिऊन बसलेल्या कोळशाचं पुढं काय करायचं? सध्या तो गोणीत भरून ठेवलाय. आई म्हणते तुळशीला घाल. मी नको म्हणतोय.

शंकासुर · रविवार, सकाळी ९:०२

लेखन आवडलं, विशेषतः खिडकीतला फ्लास्क. अशी कबुली शोधनिबंधात वाचायला मिळत नाही.

बाकी माझा या विषयावर जुना राग आहे. भाताचा तूस, केळीची साल, शेंगांची टरफलं, चिंचोके, जे दिसेल त्याचा कोळसा करायचा, शुद्ध केलेल्या पाण्यात औषध कालवायचं आणि ‘एका ग्रॅमनं इतके मिलिग्रॅम धरले’ असा आकडा छापायचा. त्यातले किती कोळसे आज कुठल्या नाल्यावर काम करताहेत? बाजारात सक्रिय कोळसा मिळतो, वर्षानुवर्षं पाणी गाळतोय. त्याला सोडून हा उपद्व्याप कशाला?

पऱ्हाटीवाला · रविवार, सकाळी ९:४०

राग मान्य. सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅमला ५०० ते १५०० चौरस मीटर पृष्ठभाग असतो. खड्ड्यातला कोळसा त्याच्या जवळपासही फिरकत नाही. कॉस्टिक पोटॅश किंवा फॉस्फोरिक आम्लात मुरवून परत तापवला तर पृष्ठभाग वाढतो, पण मग ते रसायन धुऊन काढायला पाणी, खर्च, आणि त्या धुवणाचं काय हा नवाच प्रश्न. मला ते करायचं नाही. बांधावर फुकट जळणाऱ्या वस्तूतून काही साधतं का, एवढंच बघायचंय.

लालडबा · रविवार, सकाळी ११:१५

ते ‘एका ग्रॅमला इतके मिलिग्रॅम’ प्रकरण एसटीच्या भाषेत सांगतो. आयुष्य सांडपाणी प्रक्रिया केंद्रांच्या देखभालीत गेलं आणि निम्मं प्रवासात.

गाडीची क्षमता मोजायची तर आषाढीला पंढरपूरच्या स्टँडवर मोजायची. माणसं लोंबकळत असतात, आकडा दणदणीत येतो. निबंधातला आकडा तो. औषध लिटरला कित्येक मिलिग्रॅम असताना काढलेला. प्रत्यक्ष नदीत ते लिटरला नॅनोग्रॅम, फार तर मायक्रोग्रॅम. म्हणजे दुपारी दोनची आडगावची फेरी. गाडी तीच, पण स्टॉपवर माणूसच नाही तर भरणार कुठून? प्रवासी तुरळक असले की कोळशाच्या प्रत्येक ग्रॅमवर बसणारंही तुरळकच. पृष्ठभागावर किती रेणू बसतील ते सांगणाऱ्या लँगम्युअरच्या समीकरणाचा हा देशी अवतार.

आता दुसरी गोष्ट, ती जास्त त्रासाची. गाडी फलाटाला लागण्याआधीच खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे असतात ना? सांडपाण्यात ते काम कुजका पाला, शेणातलं विरघळलेलं सेंद्रिय, ह्युमिक आम्लं करतात. औषधाच्या हजारो पट असतात ती. कोळशाच्या बारीक छिद्रांच्या तोंडाशीच बसतात, न स्वतः आत जातात न दुसऱ्याला जाऊ देतात. म्हणून नळाच्या शुद्ध पाण्यात हिरो ठरलेला कोळसा शेणपाण्यात चार दिवसांत गप्प होतो.

तुमच्या गटारात तर दूधही आहे म्हणता. स्निग्धांश आणि प्रथिनं कोळशावर अशी साय धरतील की औषधाला कंडक्टर आतच घेणार नाही.

सल्फाचा घोळ सोपा आहे. उदासीन पाण्यात सल्फामेथॉक्साझोलवर ऋणभार असतो आणि कोळशाच्या पृष्ठभागावरही बहुधा ऋणच. दोघं एकमेकांना ढकलतात. टेट्रासायक्लिनच्या अंगावर त्याच पाण्यात धन आणि ऋण दोन्ही टोकं असतात, वर चार जोडलेली कडी आणि हायड्रॉक्सिलचे हात. कड्यांचा सपाट भाग कोळशाच्या सपाट थराला पत्त्यासारखा लागून बसतो, कॅल्शियम-लोखंडाचे अणू मधे पूल बांधतात. त्याला चिकटायला निमित्तच हवं असतं. पाणी आम्लधर्मी केलं तर सल्फाही चिकटेल, पण गटारात आम्ल ओतणार कोण!

शंकासुर · रविवार, सकाळी ११:२२

रुमालाला +१. निवृत्त झाल्यावर पुस्तक लिहा.

वाचनमात्र · रविवार, दुपारी १:३०

मी नेहमी वाचनमात्र असते, पण घाबरून विचारतेय. आपल्या पिण्याच्या पाण्यात हे असतं का? उकळून जातं का?

लालडबा · रविवार, दुपारी १:५०

ताई, उकळून जंतू मरतात. बहुतेक प्रतिजैविकं तेवढ्यानं जात नाहीत. आरओमध्ये बरीचशी अडतात, कोळशाच्या कांडीत काही. पण घरच्या नळाचं पाणी या कारणासाठी घाबरण्याइतकं नसतं. जंतूंसाठी उकळत राहा. लढाई गटारात आणि नदीत आहे.

मांजराकाठ · रविवार, रात्री ९:०५

गटारात आणि नदीत म्हणालात म्हणून लिहितो. गाव लातूरजवळ, नोकरी गेली पंधरा वर्षं हैदराबादला.

आमची मांजरा बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यात बालाघाटच्या डोंगरात उगवते. लातूर, पुढं बीदर, मग तेलंगणात शिरते तेव्हा तिला ‘मंजीरा’ म्हणतात. तिथं हैदराबादच्या वायव्येला पाटणचेरू. औषध कारखान्यांचं जगाला ठाऊक असलेलं ठिकाण. इसकावागू, नक्कावागू हे तिथले ओढे, आणि त्यांचं पाणी शेवटी मंजीरात. ती वळसा घालून पुन्हा महाराष्ट्राच्या सीमेला लागते आणि कंदकुर्तीला गोदावरीत मिसळते. म्हणजे आपलीच लेक, सासरी जाऊन आजारी पडून परत आलेली.

स्वीडनच्या गोथेनबर्ग विद्यापीठातले योआकिम लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली पाटणचेरूचा अभ्यास छापला. सुमारे ९० औषध कारखान्यांचं सांडपाणी जिथं येतं, त्या प्रक्रिया केंद्रातून ‘शुद्ध होऊन’ बाहेर पडणारं पाणी त्यांनी तपासलं. सिप्रोफ्लॉक्सासिन लिटरला ३१,००० मायक्रोग्रॅमपर्यंत! औषध चालू असलेल्या रुग्णाच्या रक्तात जास्तीत जास्त जितकं असतं, त्याहून जास्त. हिशेब केला तर दिवसाला ४५ किलो सिप्रो, संपूर्ण स्वीडनला पाच दिवस पुरेल इतकं. पुढं २००९ च्या अभ्यासात त्या भागातल्या तलावांत आणि विहिरींतही औषधं निघाली.

आता ताळा करा. पाण्यात सिप्रो लिटरला ०.०६ मायक्रोग्रॅमच्या वर गेलं की जंतू निर्ढावायला लागण्याची शक्यता धरतात. ३१,००० भागिले ०.०६. पाच लाख पट.

२०२० च्या जानेवारीत केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं मसुदा काढला, त्यात कारखान्यांच्या सांडपाण्यात प्रतिजैविकांच्या मर्यादा होत्या. १०० पेक्षा जास्त औषधांची यादी. ऑगस्ट २०२१ ला अंतिम अधिसूचना आली, त्यात ती यादीच नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेनं सप्टेंबर २०२४ मध्ये प्रतिजैविक कारखान्यांच्या सांडपाण्याबद्दल मार्गदर्शिका काढली खरी, पण ती पाळायची सक्ती कुणावर नाही.

तेव्हा सर, तुमच्या पाच गाईंच्या गटाराबद्दल अपराधी वाटून घेताय ते ठीक. पण चोर कुठं आहे तेही बघा.

शंकासुर · रविवार, रात्री ९:३०

तिथं कोळसा चालला असता का, हे गणित मी करतो. समजा एका ग्रॅमला १०० मिलिग्रॅम हा लालडब्यांचा आषाढीचा आकडा धरला. एक किलो कोळसा १०० ग्रॅम सिप्रो धरेल. ४५ किलोला रोज ४५० किलो कोळसा. कागदावर एक टेम्पो. गंमत म्हणजे तिथं औषध इतकं घट्ट आहे की आषाढीचा आकडा लागू पडायला हरकत नाही. पण रुमालवालेही तितकेच, सॉल्व्हंट, क्षार, इतर औषधं. म्हणजे प्रत्यक्षात त्याच्या कित्येक पट. आणि रोज तितका विषारी कोळसा उचलणार कोण?

मांजराकाठ · रविवार, रात्री ९:४१

अगदी. तिथं औषध कारखान्याच्या भिंतीच्या आतच अडवायला हवं, नाल्यात येऊन पातळ होण्याआधी. नाल्यावर कोळसा टाकणं म्हणजे बैल गेला आणि झोपा केला.

एचए_कॉलनी · सोमवार, सकाळी ७:५५

थोडं अवांतर. माझे वडील पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये होते. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं उभा राहिलेला देशातला पहिला सरकारी पेनिसिलिन कारखाना. गावात नुसतं ‘एचए कंपनी’ म्हटलं की पुरे. लहानपणी भोंग्यावर घड्याळ लावायचो. पेनिसिलिनची कुपी तेव्हा देवघरात ठेवावी इतकी अपूर्वाईची गोष्ट होती, वडील तसं म्हणायचेही. आज तीच वस्तू गटारातून काढायची कशी यावर धागा चाललाय. वडील असते तर हसले असते की चिडले असते, सांगता येत नाही.

चालू द्या.

पशुवैद्य_संगमनेर · सोमवार, दुपारी २:२०

पऱ्हाटीवाले सर, दूध गटारात ओतलंत ही चूक, पण डेअरीला घातलं नाहीत हे फार मोठं पुण्य. शेकड्यानं गोठे बघतो मी, किती जण पाळतात ते मला विचारू नका.

माझा मुद्दा सरळ आहे. कोळशापर्यंत यायची वेळच कमी आणायची. कासदाह झाल्यावर इंजेक्शन हा शेवटचा अंक. त्याआधी करायच्या गोष्टी फुकटाच्या आहेत. धार काढल्यावर सडाचं तोंड अर्धा तास तरी उघडं राहतं. त्या वेळात गाय बसली की शेणातले जंतू सरळ आत. म्हणून धार झाली की सड आयोडिनच्या द्रावणात बुडवायचे आणि लगेच पुढ्यात वैरण टाकायची. गाय खात उभी राहते, काम होतं. दर पंधरवड्याला चार सडांचं दूध कासदाह तपासायच्या चार खणांच्या ताटलीत तपासणीचं द्रावण घालून बघायचं, जेलीसारखं घट्ट झालं तर आजार दिसायच्या आत कळतं. आणि दुधाची तपासणी करून कुठल्या औषधाला जंतू दाद देतो ते बघूनच सुई. ‘मागच्या वेळी हीच बाटली चालली होती’ म्हणून पान टपरीसारखी औषधं उचलणं थांबवा. कोंबड्यांच्या पाण्यात औषध टाकणाऱ्यांना तर हात जोडतो. खाद्यासाठी पाळलेल्या जनावरांत कोलिस्टिनवर २०१९ च्या जुलैत बंदी आली, कारण ते माणसांच्या दवाखान्यातलं शेवटच्या फळीचं औषध आहे.

औषधाच्या दिवसांतलं दूध आणि शेण वेगळं ठेवा. दूध वासरालाही पाजू नका. दोन्ही कंपोस्टच्या ढिगात, नीट तापणाऱ्या, वेळोवेळी पलटलेल्या. टेट्रासायक्लिन त्या उष्णतेत बऱ्यापैकी मोडतं. एन्रोफ्लॉक्सासिन, सिप्रोचं घराणं मात्र चिवट, ते मातीच्या कणांना धरून बसतं.

आणि जनावरांच्या औषधाला हसण्यावारी नेऊ नका. गिधाडं आठवतात ना? ते प्रतिजैविक नव्हतं, डायक्लोफेनॅक, साधं दुखण्यावरचं इंजेक्शन. मेलेल्या गुरांतून गिधाडांच्या पोटात गेलं आणि आकाश रिकामं झालं. २००६ ला जनावरांसाठी बंदी आली तोवर उशीर झाला होता.

आल्प्सचा_मावळा · सोमवार, संध्याकाळी ६:४०

डॉक्टरसाहेबांनी डायक्लोफेनॅकचं नाव काढलं म्हणून इकडची खबर. मी स्वित्झर्लंडमध्ये पाण्याच्याच धंद्यात आहे. इथं २०१६ पासून कायदा आहे की ठरावीक मोठ्या प्रक्रिया केंद्रांनी चौथा टप्पा बसवायचा, ओझोन नाहीतर सक्रिय कोळसा. पाण्यातल्या सूक्ष्म रसायनांपैकी ८० टक्के निघाली पाहिजेत. तपासायला काही ठरावीक पदार्थ निवडलेत, त्यात डायक्लोफेनॅक आहे.

कोळसा किती लागतो? लिटरला १० ते २० मिलिग्रॅम पूड. चिमूटही नाही. पण कोळसा येतो सगळ्यात शेवटी, जंतूंनी त्यांचं काम करून बहुतेक घाण खाऊन टाकल्यावर. लालडब्यांच्या भाषेत, रुमालवाले आधीच्या गाडीनं पाठवून दिल्यावर.

युरोपियन संघाचा नवा नियम २०२५ च्या १ जानेवारीपासून लागू झाला. चौथ्या टप्प्याच्या खर्चाचा किमान ८० टक्के भार औषध आणि सौंदर्यप्रसाधनं बनवणाऱ्यांनी उचलायचा. कंपन्या अर्थातच कोर्टात गेल्या आहेत.

आणि वापरलेल्या कोळशाचं विचारलंत. इथं सांडपाण्याचा गाळ शेतात टाकायला २००६ पासूनच बंदी आहे. सगळा गाळ जाळतात. कोळशाची पूड गाळातच बसते, ती त्याच्याबरोबर जळते.

काकवी · सोमवार, रात्री ८:१५

आम्ही कोल्हापूरकडं ऊसवाले. पाचटाचा कोळसा चालंल काय? पाचट रानात कुजवा म्हणतात ते करतोयच, पण सगळं कुजत नाही, कारखान्याची टोळी गेली की निम्मं लोक पेटवून देतात. भाताचा तूसही हाय.

पऱ्हाटीवाला · सोमवार, रात्री ८:५०

काकवी, पाचटाच्या कोळशाची आपल्याकडे परंपरा आहे म्हणा की. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेला, डॉ. आनंद कर्वे यांच्या, पाचटापासून कांडी कोळसा करण्यासाठी २००२ साली ॲशडेन पुरस्कार मिळाला होता. तो चुलीसाठी. पाण्यासाठी पाचटाचा कोळसा हलका आणि भुसभुशीत पडतो, पाण्याबरोबर वाहून जातो. तुसात सिलिका भरपूर, त्यामुळे राख जास्त आणि कार्बन कमी. पऱ्हाटी, तुराटी, करवंटी यांचा दाणा टणक राहतो, गाळणीत भरायला तेच बरं. करवंटी तर सगळ्यांत सरस, सक्रिय कोळशाचे कारखानेही तीच घेतात.

डॉक्टरसाहेब आणि मावळे, तुमच्या प्रतिसादांनी माझी मांडणी उलटीपालटी केली. मी गेल्या आठवड्यात दोनशे लिटरचा ड्रम कोळसा भरून थेट गोठ्याच्या गटाराच्या तोंडाशी ठेवला होता. आज सकाळी बघितलं, वरचा वीतभर थर शेणानं लिंपून गेलाय, जमीन सारवल्यासारखा. पाणी ड्रमच्या बाजूनं रस्ता काढून नाल्यात. लालडब्यांनी चार दिवस म्हटलं होतं, मला सहा मिळाले.

शंकासुर · सोमवार, रात्री ९:१०

तो ड्रम तिथून हलवा आणि शेवटी न्या. आधी टाकी, शेण बसू दे. मग खडी-वाळू. मग कर्दळीचा वाफा असेल तर उत्तम. त्यातून निथळलेल्या पाण्याला कोळसा. आणि बारीक पूड नको, ज्वारीच्या दाण्याएवढा ठेवा. पूड जलद धरते पण चोंदते.

मी कोळशाच्या बाजूनं बोलतोय हे माझ्या लक्षात आलंय, कुणी सांगू नये.

पण एक शंका उरतेच. कोळसा म्हणजे जंतूंना बिळं असलेली चाळ. त्याच्या छिद्रात जंतू राहायला आले आणि शेजारच्या खोलीत औषध साठवलेलं, तर आपण निर्ढावलेल्या जंतूंची पैदास तर करत नाही ना? २०११ मध्ये दिल्लीत नळाच्या ५० नमुन्यांपैकी दोनात आणि साचलेल्या पाण्याच्या १७१ पैकी ५१ नमुन्यांत एनडीएम-१ जनुकं (जंतूंना बड्या प्रतिजैविकांनाही दाद न देणारी बनवणारी) सापडली होती. जंतू आणि जनुकं कोळशाला जुमानत नाहीत, औषधाचा रेणू तेवढा अडकतो.

लालडबा · सोमवार, रात्री ९:३५

शंका रास्त. उलट बाजूही आहे. तेच जंतू काही औषधं खाऊन मोडतातही, त्यामुळे जुना कोळसा कधीकधी अपेक्षेपेक्षा जास्त दिवस चालतो. कुठलं पारडं जड पडेल हे त्या त्या पाण्यावर. म्हणून कोळसा वर्षानुवर्षं तसाच ठेवायचा नाही. ठरावीक दिवसांनी काढायचा आणि जाळायचा. मातीत नाही. बायोचार शेताला चांगला म्हणून लोक टाकतील, पण शेताला चांगला तो कोरा कोळसा. औषध प्यालेला कोळसा शेतात टाकला तर फेरा पूर्ण झाला, गोठा ते विहीर ते वांगी.

वीटभट्टी · सोमवार, रात्री १०:०५

मी यवतमाळजवळच आहे, दारव्हा रस्त्याला. सर, तुमचा कोळसा ओला असो की औषधी, आमच्या भट्टीत आत हजार अंशाच्या आसपास ताव असतो. तिथं कुठलं औषध टिकत नाही. पाणी घालून कोळशाचा चुरा करून आम्ही मातीत मिसळतो तसंही, वीट आतून भाजायला. किती गोण्या आहेत?

पऱ्हाटीवाला · सोमवार, रात्री १०:२०

देव पावला. गोण्या चार, आणि आजच्या ड्रममधल्या शेणाळलेल्या दोन धरून सहा. त्या आधी उन्हात वाळवाव्या लागतील. शनिवारी ट्रॅक्टर घेऊन येतो. भट्टी पेटलेली असेल ना?

वीटभट्टी · सोमवार, रात्री १०:२४

शुक्रवारी रचून शनिवारी पहाटे पेटवतोय. दहाच्या आत या, नंतर वरून लिंपून टाकतो.

पशुवैद्य_संगमनेर · सोमवार, रात्री १०:३१

आणि त्या गाईचं काय झालं, ते कुणी विचारलंच नाही.

पऱ्हाटीवाला · मंगळवार, सकाळी ६:१५

बरी आहे डॉक्टर. तीन सड चालू, एक गेला. आत्ताच धार काढून आयोडिनमध्ये बुडवले. वैरण टाकायला दोन मिनिटं उशीर झाला, तर बाईसाहेब बसल्या.